अवतरणचिन्हांतली अस्पृश्यता

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तिचं कोणत्याही स्वरूपातलं आचरण निषिद्ध ठरवलं. पण अस्पृश्यता म्हणजे काय, हे संविधानात कुठेच सांगितलेलं नाही. शब्द तेवढा अवतरणचिन्हांत छापला आहे.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहांना हेच खटकलं. विशिष्ट दिवसांत बायकांना शिवत नाहीत, सुतकातल्या माणसांना शिवत नाहीत. व्याख्या नसेल तर ही शिवाशिवही त्यात येणार का? नझीरुद्दीन अहमद यांनी धर्म किंवा जात या कारणाचा स्पष्ट उल्लेख असलेली दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही.

साधारण दहा वर्षांनी म्हैसूर उच्च न्यायालयापुढे सामाजिक बहिष्काराचा एक खटला आला, तेव्हा न्यायालयाने त्या अवतरणचिन्हांवरच बोट ठेवलं. इथे शब्दाचा व्याकरणातला अर्थ अभिप्रेत नाही. या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली, ती अभिप्रेत आहे. साथीच्या रोग्याला वेगळं ठेवणं किंवा सोयर-सुतक या अनुच्छेदात बसत नाही.

हा निर्णय मोलाचा आहे. ‘न शिवणं’ एवढाच अर्थ धरला, तर जातीने केलेला अन्याय आणि डॉक्टरने घेतलेली खबरदारी एकाच पारड्यात पडतात. कोरोनाच्या काळात काहींनी नेमकं हेच केलं. अंतर राखण्याच्या नियमाचा दाखला देत सोवळंओवळं शास्त्रीय ठरवलं. रोगी बरा झाला की त्याचं विलगीकरण संपतं. जातीच्या विटाळाला बरं होणं माहीतच नव्हतं.

उलट बाजूनेही ‘स्पृश्’, म्हणजे शिवणं, या धातूचा अर्थ तोकडाच पडतो. १९२७ साली महाडला प्रश्न सार्वजनिक तळ्यातल्या पाण्याचा होता. त्रावणकोरात १९२४ साली वैकोमचा सत्याग्रह झाला तो देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी. तिथे तर स्पर्शाचाही प्रश्न नव्हता, जवळ येणंच वर्ज्य होतं.

ज्यूद्वेषासाठीचा ‘अँटिसेमिटिझम’ हा युरोपातला शब्दही असाच, व्युत्पत्तीपेक्षा इतिहासातून कळणारा आहे. बायबलमधल्या नोहाच्या शेम या मुलाच्या नावावरून १७८१ मध्ये श्लोत्सर या जर्मन विद्वानाने एका भाषाकुलाला सेमिटिक म्हटलं. हिब्रू त्यातली, अरबीही त्यातलीच. मग अरब माणूस सेमिटविरोधी कसा असेल, असं आजही विचारलं जातं. पण १८७९ मध्ये विल्हेल्म मारने आपल्या संघटनेच्या नावात हा शब्द मिरवला, तेव्हा त्याचा रोख फक्त ज्यूंवर होता. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंची घरची भाषा मराठी, म्हणजे सेमिटिक नव्हेच. म्हणून ज्यू असल्याबद्दल त्यांचा कुणी द्वेष केला, तर त्याला दुसरं नाव द्यायचं का? अशा वेळी व्युत्पत्तीचा मुद्दा काढणाऱ्याच्या हातून, नकळत का होईना, ज्याला झळ बसली त्याची तक्रार बाजूला पडते.

मात्र इतिहासाकडे बोट दाखवलं की वाद मिटतो, असंही नाही. २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मासिक पाळीच्या वयातल्या स्त्रियांना देवळात मज्जाव करणं हेही सतराव्या अनुच्छेदाच्या कक्षेत आणलं. न्या. इंदू मल्होत्रा यांनी विरोधी मत नोंदवलं: हा अनुच्छेद जातीवरून पाळल्या गेलेल्या अस्पृश्यतेसाठी आहे. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. दलितांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसलं, त्याचं नाव सैलपणे वापरलं तर ते सोसणंच फिकं होतं.

तरी मराठी माणसाला चंद्रचूडांचा मुद्दा चटकन उमगायला हवा. पाळीला आपल्याकडे विटाळ म्हणतात आणि ‘खालच्या’ ठरवलेल्या जातीच्या स्पर्शालाही विटाळच म्हणत आले. दोन्हींमागची शुद्ध-अशुद्धाची समजूत एकच आहे, आणि ती कोशातून काढलेली नाही, घराघरांत पाळली गेलेली आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई हे दोन्ही विटाळ जगल्या. देहाचा जन्मच विटाळातून होतो, मग सोवळा कोण, असा जाब त्यांनी चौदाव्या शतकात अभंगातून विचारला होता.