भंडारा आणि गोळी

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याचा आजार निघाल्यावर सासूबाईंनी कपाळी भंडारा लावला, चिमूटभर जिभेवरही ठेवला. “देवाची हळद आहे, उतार पडेल.” डॉक्टर म्हणाले, मेसालामाइनची गोळी चालू ठेवा.

हळदीत करक्युमिन हा रेणू जेमतेम काही टक्के. ते रक्तात फारसं उतरत नाही, आतड्यातच राहतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्या ४३ जणांपैकी सहा महिन्यांत दोघांचाच आजार उलटला. औषधासोबत नुसतीच दिखाऊ मात्रा घेणाऱ्या ३९ पैकी आठ जणांचा.

मग गुण देवाचा की रेणूचा? मला ही वाटणीच पटत नाही. चाचणीत खरी मात्रा कुणाला मिळाली हे रुग्णालाही ठाऊक नसतं, डॉक्टरलाही. श्रद्धेचा परिणाम तिथे मुद्दाम वगळावा लागतो. भंडारा मात्र बरं होण्याच्या अटीवर लावायचा नसतो. तो लावताना मी कबूल करते, की हे शरीर सगळंच माझ्या हातात नाही. त्यामुळे आजार उलटला म्हणून खंडोबा खोटा ठरत नाही, आणि कपाळ पिवळं आहे म्हणून गोळी चुकवायची मुभाही मिळत नाही.