अभय कोण देते?

राज्य माणसाला संरक्षण देऊ शकते. अभयही देऊ शकते का, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. संरक्षण म्हणजे हल्ला झाला तर तो परतवणारी शक्ती जवळ असणे. अभय म्हणजे हल्ला होईल ही धास्तीच मनात नसणे. रात्रभर पोलिसांची गाडी उभी असलेल्या गल्लीत संरक्षण असते, पण तेथील माणसे निर्धास्त झोपतातच असे नाही.

राजसत्तेची उत्पत्ती भारतीय परंपरेने भयातूनच सांगितली आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो त्या मात्स्यन्यायाला कंटाळलेल्या प्रजेने मनूला राजा केले, ही कथा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात येते आणि महाभारताच्या शांतिपर्वातही. शांतिपर्वात प्रजेने कबूल केलेला मोबदलाही नोंदलेला आहे: पशू आणि सोने यांचा पन्नासावा हिस्सा, धान्याचा दहावा. म्हणजे कर ही रक्षणाची किंमत होती, आणि कर घेऊन रक्षण न करणारा राजा प्रजेच्या पापाचा वाटेकरी ठरत असे. इंग्लंडमध्ये १६५१ साली हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये असाच करार मांडला. दोन्हीकडे गृहीत एकच आहे: माणसाला माणसाचे भय असते, आणि दोघांपेक्षा बलवान असा तिसरा आल्यावरच ते आटोक्यात येते.

धर्मग्रंथांत मात्र अभयाचा विचार या तिसऱ्यापाशी थांबत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांची यादी आहे आणि तिच्या आरंभी अभय आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून ठेवलेल्या प्रवचनांत विनोबांनी या क्रमाचा फार अर्थपूर्ण उलगडा केला आहे. या गुणांची फौज मानली तर आघाडीला अभय आहे आणि पिछाडी नम्रता सांभाळते. नम्रता सुटलेली निर्भयता दुसऱ्याच्या भयावर पोसली जाते. संरक्षणाच्या नावाखाली लाठ्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहणारे टोळके हे तिचे शहरातले रूप. इस्लामी परंपरेत ईमान आणि अमान, श्रद्धा आणि सुरक्षितता, हे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत. ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही त्याची श्रद्धाच खरी नाही, अशा आशयाचे पैगंबरवचन प्रसिद्ध आहे. येथे सुरक्षिततेची जबाबदारी राजावरून थेट शेजाऱ्यावर येते.

हे दोन विचार एका गावात कसे भेटतात, याचे उदाहरण म्हणजे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी. मुंबईच्या उपनगरी पट्ट्यातले हे यंत्रमागांचे शहर. उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, आसपासचे मराठी शेतकरी आणि आगरी अशी त्याची वस्ती. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे भीषण दंगल झाली आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. १९८४ च्या मे महिन्यात शहर पुन्हा पेटले. त्यानंतर भिवंडीचे नाव निघाले की दंगलच आठवावी, अशी स्थिती झाली.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी शहरात सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता समिती ही गोष्ट त्याआधीही होती. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात पुढाऱ्यांना बोलवायचे, चहा द्यायचा, शांततेचे आवाहन करायचे, ही तिची ठरलेली पद्धत. मोहल्ला कमिटीत पुढाऱ्यांऐवजी वस्तीतली साधी माणसे होती, दोन्ही समाजांतली, आणि त्यांच्यासोबत त्या भागाचा पोलीस. बैठका सणापुरत्या नव्हत्या. नळ, गटार, भाडे, पोरांची मारामारी अशा रोजच्या कटकटी तेथे येत. वरवर पाहता हे काम पोलिसांचे नाही, तरी या योजनेचे मर्म याच क्षुल्लक कामात आहे. गटाराच्या भांडणात ज्याच्याशी चार वेळा समोरासमोर बोलणे झाले आहे, त्याच्याबद्दलची अफवा कानावर आली तर ती त्यालाच विचारता येते. अनोळखी माणसाला विचारण्याची सोय नसते. त्याच्याबद्दल फक्त कल्पना करता येते, आणि दंगल त्या कल्पनेवरच पेटते.

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. पुढच्या दोन महिन्यांत जवळच्या मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदले आहे. भिवंडीत दंगल झाली नाही.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात हिंदू-मुस्लिम दंग्यांचा जो अभ्यास केला, त्यातून याची एक उपपत्ती मिळते. खेड्यात रोजची उठबस पुरते, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात. लाखांच्या शहरात ओळख आपोआप होत नाही. संघटना, कामगार संघ, व्यापारी मंडळे, समित्या अशा बांधलेल्या जागा तिच्यासाठी लागतात. धर्मविचाराच्या दृष्टीने हे विधान मोलाचे आहे. शेजारधर्म ही मनाची वृत्ती असली तरी शहरात तिला बसायला सतरंजी कोणीतरी घालावी लागते.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. भिवंडीतली शांतता हा सद्गुण होता की हिशेब? यंत्रमाग बंद पडला तर मालक आणि मजूर दोघांच्याही चुली थंडावतात, हे सर्वांना ठाऊक होते. पण हा आक्षेप पुरा पटत नाही. माग १९७० मध्येही होते आणि १९८४ मध्येही. हितसंबंधांनी तेव्हा कोणाला आवरले नाही. शिवाय धर्मपरंपरांनीही पोट आणि सद्गुण यांची अशी फारकत केलेली नाही. दीघनिकायातल्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या, अशी साखळी सांगितली आहे. रक्षणाचा आरंभ तेथे पोटापासूनच होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. कमिटी बोलावणारा पोलीसच असेल, तर जमलेली माणसे शेजारी की खबरी? भारतीय संविधानाने ‘पोलीस’ हा विषय राज्य सूचीत ठेवला आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची अठरा कामे आहेत. रस्ते, दिवे, अग्निशमन, दफनभूमी त्यांत येतात, पोलीस येत नाही. त्यामुळे अंधाऱ्या गल्लीतला दिवा नगरसेवकाकडे मागायचा आणि त्याच गल्लीतला हवालदार मंत्रालयाकडून येणार, अशी विभागणी झाली. आपण न निवडलेल्या यंत्रणेने घातलेली सतरंजी लोकांनी आपली मानावी का, हा प्रश्न अयोग्य नाही. भिवंडीतल्या लोकांनी ती मानली, कारण बैठकीत पोलिसालाही उत्तरे द्यावी लागत होती. ज्याचे भय वाटते त्याला समोर बसवून जाब विचारता आला की भयाचे निम्मे बळ जाते; ही गोष्ट शेजाऱ्याला लागू होते तशी पोलिसालाही.

ती मान्यता किती नाजूक होती हे जुलै २००६ मध्ये दिसले. शहरात दफनभूमीलगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. हा हिंदू-मुस्लिम दंगा नव्हता. रक्षण करणारी संस्था आणि तिचे शेजारी या वेळी एकमेकांसमोर उभे होते, आणि भांडणाचा विषय ठाण्याचीच जागा होता. दोन शेजाऱ्यांत तिसऱ्याने मध्यस्थी करावी, एवढीच राजधर्माची जुनी मांडणी आहे. तो तिसराच वादातला एक पक्ष झाला तर सतरंजी कोणी घालायची, याचे उत्तर तिच्यात नाही.