दुसरी संधी कोणाच्या जिवावर?

२८ ऑगस्ट २०१७ रोजी कॅनडातल्या हॅमिल्टन टायगर-कॅट्स या फुटबॉल संघाने आर्ट ब्राइल्स यांना सहायक प्रशिक्षक म्हणून घेतल्याचं जाहीर केलं. त्याच रात्री ती नेमणूक मागे घेतली गेली. २०१९ मध्ये सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षकाला ते हवे होते, पण विद्यापीठाने नकार दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग स्टेट विद्यापीठाने त्यांना नेमलं आणि चार दिवसांत त्यांनीच पद सोडलं. दर वेळी अमेरिकेत तोच वाद पेटला: या माणसाला आणखी एक संधी मिळायला हवी की नको?

ब्राइल्स यांचं कर्तृत्व कोणी नाकारत नाही. टेक्सासमधल्या स्टीफनव्हिल या लहान गावच्या शाळेला त्यांनी चार वेळा राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. २००८ मध्ये ते टेक्सासमधल्याच वेको शहरातल्या बेलर विद्यापीठात आले, तेव्हा तिथला संघ वर्षानुवर्षं मार खाणारा होता. बाप्टिस्टांनी १८४५ साली स्थापन केलेल्या या विद्यापीठाला फुटबॉलमध्ये फारसं कोणी विचारत नसे. २०११ मध्ये त्यांचा खेळाडू रॉबर्ट ग्रिफिन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन करंडकाचा मानकरी ठरला, २०१३ आणि २०१४ मध्ये संघाने बिग ट्वेल्व्ह गटाचं विजेतेपद मिळवलं आणि ब्रॅझोस नदीच्या काठी सुमारे २६ कोटी डॉलर खर्चाचं नवं स्टेडियम उभं राहिलं. त्या देशात कॉलेज फुटबॉल म्हणजे देणग्या, प्रवेशअर्ज, टीव्हीचे करार आणि गावाची इभ्रत. हे सगळं ज्याच्या खांद्यावर असतं त्या प्रशिक्षकाला कुलगुरूपेक्षा जास्त पगार असतो आणि अनेकदा जास्त वजनही.

हे वैभव चढत होतं त्याच काळात बेलरमधल्या विद्यार्थिनी फुटबॉल खेळाडूंविरुद्ध बलात्काराच्या आणि मारहाणीच्या तक्रारी करत होत्या. काही खेळाडूंवर खटले चालले. एकाला २०१४ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या एका खटल्यातला आरोपी निर्दोष सुटला. विद्यापीठाने पेपर हॅमिल्टन या कायदेसंस्थेकडून चौकशी करवून घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष तेरा पानांत जाहीर केले. त्यानुसार संपूर्ण विद्यापीठातच तक्रारी हाताळण्याची व्यवस्था कोलमडलेली होती. फुटबॉल विभागात तर शिस्तीचा स्वतंत्र, घरगुती कारभार चालत होता. काही प्रकरणांत तिथल्या लोकांनी तक्रारदारांची परस्पर भेट घेतली, पण पुढे कळवायचं तिथे कळवलं नाही. एका प्रकरणात तर विद्यापीठाच्या प्रशासनाने तक्रार करणारीलाच तिची किंमत मोजायला लावली. ऑक्टोबर २०१६ मध्ये विश्वस्तांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला सांगितलेला आकडा असा: २०११ पासून १७ स्त्रियांच्या तक्रारी, त्यात १९ खेळाडूंची नावं.

ब्राइल्स यांना काढलं गेलं. विद्यापीठाचे अध्यक्ष केन स्टार यांनाही त्या पदावरून जावं लागलं. बिल क्लिंटन यांच्या खासगी वागणुकीची खोदून खोदून चौकशी करणारे ते हेच स्टार.

आता ब्राइल्स यांची बाजू. ती ऐकल्याशिवाय निवाडा करणं अन्यायाचं होईल, कारण तिच्यात दम आहे. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही. आपण काहीही दडपलं नाही, असं ते २०१७ पासून सांगत आहेत. चौकशीचे निष्कर्ष विश्वस्तांना तोंडी सांगितले गेले. संपूर्ण लेखी अहवाल कधी तयारच झाला नाही, त्यामुळे कोणाची चूक किती हे बाहेरच्या कोणाला तपासून पाहता आलं नाही. खुद्द बेलरने त्यांना नंतर दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. क्रीडासंचालक इयन मकॉ यांनी राजीनामा दिला आणि सहा महिन्यांत लिबर्टी विद्यापीठाने त्यांना त्याच पदावर घेतलं. साऱ्या संस्थेचं अपयश एका चेहऱ्यावर थापलं गेलं, या ब्राइल्स-समर्थकांच्या तक्रारीत बरंच तथ्य आहे.

त्यांच्या समर्थकांचा सर्वांत मोठा आधार मात्र ऑगस्ट २०२१ चा एनसीएएचा निर्णय. कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या या संस्थेने ब्राइल्स यांच्यावर कारवाई केली नाही. समितीने त्यांच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले, पण जे घडलं ते संस्थेच्या नियमपुस्तकात बसत नाही, असा निष्कर्ष काढला. हे पुस्तक काय मोजतं ते दहा वर्षं आधी दिसलं होतं. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांना आपले खेळाडू पदकं आणि जर्सी विकून गोंदवून घेत आहेत हे कळलं होतं आणि त्यांनी ते लपवलं. २०११ मध्ये त्यांच्यावर पाच वर्षांचे निर्बंध आले: या काळात त्यांना घेऊ पाहणाऱ्या कॉलेजला आधी एनसीएएपुढे कारण द्यावं लागणार होतं. म्हणजे गोंदणाच्या बदल्यात दिलेली पदकं लपवणं हा गुन्हा आणि बलात्काराची तक्रार योग्य ठिकाणी न पोचणं हा नियमाबाहेरचा प्रश्न. अशा पुस्तकाने दिलेली सुटका फार तर एवढंच सांगते की ते पुस्तक वेगळ्याच हिशेबासाठी लिहिलं गेलं होतं. तिला चारित्र्याचा दाखला म्हणून मिरवता येत नाही.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात भरलेले असतात. पहिला पोटापाण्याचा. काम करून जगण्याचा हक्क ब्राइल्स यांना आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. २०१८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या एका अमेरिकन फुटबॉल क्लबने त्यांना प्रशिक्षक केलं, त्यात आक्षेप घेण्यासारखं मला काही दिसत नाही. दुसरा प्रश्न क्षमेचा. ती द्यायची की नाही हे ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच ठरवायचं. चाहत्यांनी, देणगीदारांनी किंवा नव्या मालकाने त्यांच्या वतीने क्षमा वाटणं हा आगाऊपणा आहे. तिसरा प्रश्न अठरा-वीस वर्षांच्या मुलांवरच्या सत्तेचा. संघात कोण राहील, कोणाची शिष्यवृत्ती टिकेल, कोणाच्या चुकीकडे कानाडोळा होईल, हे प्रशिक्षक ठरवतो. अशा सत्तेवर कोणाचाच जन्मसिद्ध हक्क नसतो. ती ठेव म्हणून सोपवली जाते. ब्राइल्स यांचे समर्थक पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला चिकटवतात, तर विरोधक तिसऱ्याच्या रागात पहिलाही नाकारून बसतात.

तिसऱ्या प्रश्नावर ब्राइल्स यांचाच बचाव त्यांच्या विरुद्ध जातो. आपल्याला ठाऊक नव्हतं, आपल्यापर्यंत आलं नाही, असा त्याचा सूर आहे. तो शब्दशः खरा मानू. बड्या संघाचा प्रशिक्षक खेळाडूचं वजन, आहार, झोप, गुण, घरची परिस्थिती, सगळ्याची खबर ठेवतो. गावोगाव फिरून, घरात बसून, आईवडिलांना शब्द देऊन तो मुलं गोळा करतो. त्याला लाखो डॉलर मिळतात ते सगळं माहीत असण्याबद्दल. गुडघ्याची दुखापत तासाभरात त्याच्या कानावर जाते आणि अत्याचाराची तक्रार वर्षानुवर्षं जात नाही, तेव्हा काय वर पाठवायचं आणि काय खालीच जिरवायचं हे हाताखालच्यांना नीट कळलेलं असतं. ते शिक्षण त्यांना साहेबाच्या वागण्यातूनच मिळतं. ब्राइल्स यांना माहीत असेल तर दोष लपवण्याचा, नसेल तर असा विभाग घडवण्याचा. दोन्हीपैकी कोणत्याही उत्तराने पुन्हा तीच सत्ता मागता येत नाही.

संधी देणारा उदार ठरतो, पण धोका बहुतेक दुसराच कोणी उचलतो. मे २०१९ मध्ये पूर्व टेक्सासमधल्या माउंट व्हर्नन या छोट्या गावाने ब्राइल्स यांना शाळेच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमलं आणि २०२० च्या हंगामापर्यंत ते तिथे राहिले. तिथे काही विपरीत घडल्याचा आरोप मी करत नाही. पण महाविद्यालयं ज्याला घेताना कचरत होती, त्याच्यावरचा विश्वास आधी शाळकरी मुलामुलींवर आजमावला गेला, हे उलटं आहे. आणि या सगळ्या चर्चेत बेलरच्या त्या विद्यार्थिनी कुठे आहेत? प्रशिक्षकाची पुढची नोकरी ही राष्ट्रीय बातमी होते, पण त्या मुलींना शिक्षणाची दुसरी संधी कोणी द्यायची, यावर टीव्हीवर कधी फड रंगत नाही.

तर मग दार कायमचं बंद करायचं? माणूस बदलू शकतो यावर विश्वास नसेल तर शिक्षणसंस्था चालवण्यात अर्थ नाही. बॉबी पेट्रिनो यांना २०१२ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाने काढलं, कारण आपणच नोकरीवर घेतलेल्या स्त्रीशी असलेले संबंध त्यांनी वरिष्ठांपासून लपवले होते. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना परत बोलावलं. तो निर्णय पटो न पटो, तिथे चूक नेमकी काय होती हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मूळ फसवणूक झालेली संस्थाच दार उघडत होती. ब्राइल्स यांच्या बाबतीत नेमका तो हिशेबच पुढे आलेला नाही. २०१६ च्या एका मुलाखतीत त्यांनी आपल्या काळात वाईट गोष्टी घडल्या हे मान्य केलं, चुकाही कबूल केल्या. पण कोणती तक्रार कधी कानावर आली, तेव्हा काय केलं, काय करायला हवं होतं, हा तपशील त्यांनी मांडला नाही. मोघम कबुलीने मन हलकं होतं, पण पुढच्या वेळी काय वेगळं होईल हे तिच्यातून कोणाला कळत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: ब्राइल्स यांनी खेळाची विद्या प्रौढांना शिकवावी, डावपेच आखून द्यावेत, पैसे कमवावेत. विद्यार्थ्यांवरची सत्ता मात्र त्यांना मिळू नये, निदान तो हिशेब उघडपणे मांडेपर्यंत तरी नाही. ज्या संस्थेला तरीही त्यांना घ्यायचं असेल तिने नेमणुकीआधी तीन गोष्टी कराव्यात: खेळाडूंविरुद्धच्या तक्रारी फुटबॉल विभागाला बाजूला ठेवून थेट स्वतंत्र अधिकाऱ्याकडे जातील अशी व्यवस्था, ती पाळली नाही तर भरपाई न देता करार रद्द करण्याचं कलम आणि आपल्याच विद्यार्थिनींशी खुली चर्चा. यातलं काही अवघड नाही. एवढंही करायची तयारी नसेल, तर त्या संस्थेला सामने जिंकायचे आहेत. तिने ते तसंच सांगावं आणि त्याला माणुसकीचं नाव देऊ नये.