गर्भ राहण्याआधीची बाई

‘बायकांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये थेट जमा होतात. काय खायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या आणि पोषण योजनांचा पसारा आवरा.’ २०२४ साली लाडकी बहीण योजना आल्यापासून हा युक्तिवाद मी यवतमाळात वारंवार ऐकतो आहे. अलीकडे एका परिसंवादात माझ्या शेजारी बसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो पुन्हा मांडला. माणूस अभ्यासू आणि हेतू स्वच्छ, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

लाडकी बहीण एकविसाव्या वर्षी सुरू होते. झरी जामणी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, त्या वयाच्या कित्येक मुलींच्या अंगावर पहिलं मूल पीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षं पुरी होण्याआधीच झालेलं होतं. ज्या वर्षांत हाडं भरायची, रक्त वाढायचं, त्या वर्षांत खातं रिकामं. पैसे आले तरी घरातला जेवणाचा क्रम त्यांनी बदलत नाही. सून शेवटी जेवते आणि पातेल्यात उरलेलं जेवते.

दिवस गेले की मात्र सगळी दारं उघडतात. मातृवंदनेचे हप्ते, लोहाची लाल गोळी, अंगणवाडीचा शिधा. आदिवासी भागात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचं गरम ताटही आहे. पण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नलिकेतून घडतो, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. फोलिक आम्लाची गरज असते ती तेव्हा. त्या वेळी ही बाई कमरेला झोळी बांधून कापूस वेचत असते, आणि पाळी चुकल्याची शंकाही अजून तिच्या मनात आलेली नसते. आशाताईच्या वहीत नाव चढेपर्यंत ते दिवस निघून गेलेले असतात. महाराष्ट्रात रक्तक्षय असलेल्या बायकांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, पुढच्या फेरीत ते ५४ वर गेलं. गरोदरपणाच्या उंबरठ्यावर बसून राहिलेल्या योजनांचं हे फळ आहे असं माझं ठाम मत होतं, आणि परिसंवादात मी तेच बोललो. ताट गर्भधारणेच्या आधी द्या, एवढीच माझी मागणी होती.

तेव्हा प्राध्यापकांनी मुंबईचा अभ्यास समोर ठेवला. त्यावर मला थांबलंच पाहिजे, कारण त्याने माझी मांडणी हलवली.

२००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साडेसहा हजारांवर बायकांना रोज एक खाऊ देण्यात आला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा, कांदा असं साधं काही. सुरुवात दिवस जाण्याआधीच. असा नेटका, चिकाटीचा प्रयोग आपल्याकडे विरळा. सरसकट पाहिलं तर बाळांच्या वजनात ठाम फरक दिसला नाही. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पालेभाजी-दुधाचा खाऊ मिळालेल्या बायकांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड भरली. हा लाभ मुख्यतः अंगाने बऱ्या बायकांना झाला, सर्वांत कृश बायकांच्या बाळांना जवळजवळ नाहीच. ‘मग तुमच्या पोडावरच्या बाईचं काय?’ प्राध्यापकांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन तो अभ्यास मी पुन्हा वाचला. एक खुलासा सरळ आहे. तो खाऊ जेमतेम दीडशे उष्मांकांचा होता, आणि कृश शरीर मिळालेलं अन्न आधी स्वतःची झीज भरायला वापरत असावं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाई वाकलेली कंबर सरळ करत नाही. तिच्या दिवसाच्या खर्चापुढे दीडशे उष्मांक कितीसे? तीन महिन्यांच्या ताटाने चौदा वर्षांची उपासमार फिटत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक लागली. पालेभाजी-दुधाचा खाऊ खाणाऱ्या बायकांत गरोदरपणातला मधुमेह सुमारे ७ टक्के निघाला, दुसऱ्या गटात १२ टक्के. बाईला झालेला एवढा मोठा लाभ, आणि चर्चा चालली ती बाळाच्या ग्रॅमांची. मीही तेच करत होतो. ‘गर्भधारणेपूर्व पोषण’ हा माझाच शब्द बाईला होऊ घातलेल्या गर्भाचं भांडं समजतो. यश बाळाच्या वजनावर तोललं की सर्वांत कृश बाई ‘लाभ न झालेली’ ठरते आणि पुढच्या आराखड्यातून गळते. भूक तिची असते, हे कुणाला आठवत नाही.

हा शब्द आता मी सोडला आहे. दुसरंही एक कारण आहे. झरी जामणीतल्या कुमारी मातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. गर्भधारणेच्या नावाने ताट मांडलं तर अविवाहित मुलगी त्या पंगतीला बसणार नाही आणि तिची आई तिला बसू देणार नाही. ताटाला पोटातल्या बाळाची अट नको, लग्नाची तर नकोच.

केंद्राच्या पोषण २.० योजनेत १४ ते १८ वयाच्या मुलींचा आहार मान्य झाला आहे, पण ईशान्येची राज्यं सोडली तर फक्त आकांक्षित जिल्ह्यांत. महाराष्ट्रात ते चार: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि आपल्याला लागून असलेला वाशीम. यवतमाळ त्यांत नाही. दारव्ह्याची मुलगी मानोऱ्याच्या मुलीपेक्षा कमी भुकेली असते, असं कोणी म्हणेल का?

प्राध्यापकांचं एक म्हणणं मी मान्य करतो. पैसे बाईच्या हाती यावेत, आणि ते एकविसाव्या वर्षाची वाट न पाहता यावेत. पण पैशाने पोडावर भाजी उगवत नाही. ज्वारीच्या जागी कापूस आणि सोयाबीन आलं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ आणि अंडी विकतची. त्यासाठी शिजलेलं ताटच हवं. आणि विदर्भात सिकलसेल असल्यामुळे रक्त कमी दिसलं की नुसती गोळी देऊन भागत नाही, आधी तपासणी हवी. त्या तपासणीची नोंद बाईच्या स्वतःच्या नावावर राहावी, तिच्या मुलाच्या कार्डावर नव्हे.

या ताटाची सोय गावातच होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात पेसा या आदिवासी स्वशासनाच्या कायद्याखालची गावं आहेत. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अशा गावांच्या ग्रामपंचायतींना मिळतो, आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते. आरोग्य हा त्यातला मान्य विषय आहे. अमृत आहाराची चूल अंगणवाडीत पेटलेलीच असते. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणीच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे: चौदा वर्षांपुढची जी मुलगी, जी बाई त्या चुलीपाशी येईल, तिला काही न विचारता जेवू घालायचं, असा ठराव येत्या वेचणीच्या आधी करा.