सुतक कुणाला?

जर्मनीतली यजमान आई गेली. नात सोळाव्या वर्षी रोटरीच्या विद्यार्थी-विनिमयातून कासेलला तिच्या घरी राहिली होती. तिकडे अंत्यविधी लगेच उरकत नाहीत, आठवडाही जातो. हा शुक्रवारी ठरला, आणि इथे पुण्यात शनिवारी सकाळी धाकट्या भावाचा साखरपुडा. कंपनीच्या कामासाठी काढलेला व्हिसा अजून चालू आहे. नसता तर पेचच पडला नसता.

आजी : तुला सुतक नाही. ना गोत्र, ना रक्त.

नात : सुटका कुठे मागतेय मी?

आजी : वर्षभरात घरं बदलावी लागतात म्हणाली होतीस. मग बाकीच्या घरांचंही धरशील?

नात : नाही. ती माणसं भली होती, दिवाळीला त्यांना मेसेज जातो. हिचं निराळं. तिथे रात्री गार जेवण. ब्रेड, चीज, काकडी. एकदा ताटावरच रडू फुटलं. तिनं समजूत घातली नाही. उठली, भात लावला. चिकट, बिनमिठाचा. पुढे दर गुरुवारी लावायची.

आजी : उपकार झाले. ते फेडावेत.

नात : कसे? यजमान घराला पैसे मिळत नाहीत. फेडायला आकडा तर हवा!

आजी : आणि शनिवारी तुझी आई पाहुण्यांपुढे एकटी पडेल, ते?

(घाव वर्मी लागला, पण मला तो न्यायाचा वाटत नाही. आईला रागावायला आणि नंतर विसरायला पुढचं आयुष्य आहे. अंत्यविधीला दुसरी तारीख मिळत नाही. अर्थात, हे साखरपुड्याची जबाबदारी अंगावर नसलेल्यानं म्हणणं सोपं.)

नात गप्प बसली. मग आजीच म्हणाल्या,

आजी : मनुस्मृतीत आचार्य गेले तर शिष्याला तीन रात्रींचं अशौच सांगितलंय. तिथे कुठे रक्त आहे? तिनं तुला शिकवलं काय?

नात : सायकलचं पंक्चर काढायला. आणि नको असेल तर तोंडावर नको म्हणायला.

आजी : ते घरात सगळ्यांना भोवलंय.

नात : मग जाऊ?

आजी : तिच्या मुलांना विचारलंस? आई त्यांची गेलीय. तू पुढच्या रांगेत बसलीस तर त्यांना चालेल का?

नात : नाही विचारलं.

आजी : आधी फोन कर. ये म्हणाले तर जा, तुझ्या आईला मी बघते.

नात : आणि नको म्हणाले तर?

आजी : तर तीन दिवस इथेच धर. साखरपुड्याला ये, पण मुलीची ओटी दुसरं कुणी भरेल.