मृत तारण आणि दिलेला शब्द

'जमीन गहाण ठेवली' आणि 'जमीन गहाण पडली' या दोन वाक्प्रयोगांतील अंतर केवळ व्याकरणाचे नाही. पहिल्यात कर्ता आहे. दुसऱ्यात तो लुप्त झाला आहे. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात कर्ज पेरणीला काढावे लागते आणि फेडीची आशा वेचणीवर टांगलेली असते. तेथे या लुप्त कर्त्याचा प्रश्न नैतिक ठरतो. अडलेल्या माणसाने कागदावर दिलेला शब्द त्याला कितपत बांधतो? आणि समोरच्याने केवळ तोंडी दिलेला शब्द कोणाला बांधतो?

या प्रश्नावर 'मॉर्टगेज' या संज्ञेचा पूर्वेतिहास काही प्रकाश टाकतो. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या न्यायव्यवहारात रुजलेल्या फ्रेंचमधून ती इंग्रजीत आली. 'मॉर' म्हणजे मृत, 'गाज' म्हणजे तारण. आधुनिक फ्रेंच कायदा जमिनीच्या तारणाला 'इपोतेक' हा ग्रीक मुळाचा शब्द योजतो. तथापि 'गाज' आणि त्याचे इंग्रजी रूप 'गेज' दोन्ही भाषांत टिकून आहेत, आणि त्यांच्यापासून सिद्ध झालेला 'एंगेजमेंट' दोन्हीकडे वचनबद्धतेचा वाचक आहे. तारण ही मुळात केवळ वस्तू नव्हे, दिलेल्या शब्दाची ती खूण होय, असे या शब्दकुळातून सूचित होते.

मग ते मृत का? याची दोन उत्तरे परंपरेत आढळतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेल्या विधिग्रंथानुसार, ज्या तारणाचे उत्पन्न धनकोने घेतले तरी मूळ कर्जातून काहीच वजा होत नाही, ते मृत तारण. हा ग्रंथ असा व्यवहार एक प्रकारची व्याजखोरी मानतो, आणि तरीही राजाचे न्यायालय त्याला मनाई करीत नाही, असेही नोंदवतो. पंधराव्या शतकातील लिटलटन वेगळी उपपत्ती देतो: मुदतीत फेड झाली नाही तर जमीन ऋणकोच्या दृष्टीने मेली; झाली तर तारण धनकोच्या दृष्टीने मेले. पहिल्या उत्तरात अन्यायाची जाणीव आहे. दुसऱ्यात केवळ सममिती. पण ही सममिती फसवी आहे. धनकोचे जे मरते ते हिशेबातले एक कलम असते. ऋणकोचे मरते ते त्याचे शेत.

भारतीय परंपरेतही हे रूपक अपरिचित नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ऋण दुप्पट होऊनही न सोडवलेला 'आधि' नाश पावतो, असे सांगताना 'नश्' हाच धातू योजला आहे. मात्र ज्याचे फळ धनको उपभोगतो तो आधि नाश पावत नाही, असा अपवादही तेथेच आहे. मराठी 'गहाण' या दोहोंहून निराळा. तो संस्कृत 'ग्रहण' पासून आला. त्यात मृत्यू नाही, धरणे आहे. जे धरले ते सुटू शकते. म्हणूनच मराठीत गहाण 'सोडवतात'. 'दे दान, सुटे गिराण' या हाळीतील ग्रहण आणि सातबाऱ्यावरचे गहाण ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत. ग्रासलेपण कायमचे नाही, असा विश्वास या शब्दातच वसतो.

कायद्याने या विश्वासाला कधी जवळ केले, कधी दूर लोटले. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने गहाण सोडवून घेण्याचा हक्क मान्य केला. पण १९२९ च्या दुरुस्तीने सशर्त विक्रीबाबत असा दंडक घातला की, परत देण्याची अट विक्रीच्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. म्हणजे सावकाराने खरेदीखत करून घ्यायचे, 'पैसे आले की जमीन परत' हे मात्र तोंडी सांगायचे; या रीतीत ऋणकोचा शब्द नोंदला जातो आणि धनकोचा हवेत विरतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने उलट दिशेने पाऊल टाकले: सावकारीच्या ओघात कर्जाच्या तारणापोटी बळकावलेली मालमत्ता आहे असे चौकशीअंती दिसल्यास, दस्त विक्रीचा असला तरी, ती परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो.

साहित्यविचाराला येथे थोडे थांबावे लागेल. संहिता स्वायत्त आहे, लेखकाचा हेतू अप्रस्तुत आहे, हा सिद्धान्त कवितेच्या संदर्भात मुक्तिदायी ठरला. खरेदीखताच्या संदर्भात तोच जुलमाचे साधन होतो. कवितेचे वाचन चुकले तर दुसरे वाचन संभवते. दस्ताचे वाचन चुकले तर कुळवाड्याचे शेत जाते. संहितेबाहेर काही नाही असे म्हणणाऱ्याला, संहितेबाहेर कोणाला ठेवले गेले, हा प्रश्न टाळता येत नाही.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी झालेला अंत महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याची कारणमीमांसा एका शब्दात मावणारी नाही. परंतु त्यानंतरच्या दशकांत कर्जाच्या ओझ्याखाली या जिल्ह्यात जे घडत आले, त्यात 'मृत' हे विशेषण तारणावरून तारण ठेवणाऱ्यावर सरकलेले दिसते. वचन पाळणे हे नैतिक मूल्य खरेच. पण ते दोन्ही बाजूंना बांधते तेव्हाच. एकाच बाजूचा शब्द बांधणारा व्यवहार वचन नव्हे, ती नुसती पकड होय. आणि पकड सोडवायची असते, पाळायची नसते.