हा कोणाचा बाप?

मेळघाटात सेवा करीत असताना आम्ही एका व्यापाऱ्याकडून सागाची एक कोरीव फळी विकत घेतली. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावरचा स्वार. कोरकू बांधव आपल्या मृताच्या स्मरणार्थ अशी फळी कोरवून घेतात. तिला ते मुंडा म्हणतात आणि सिडोलीचा विधी करून ठरलेल्या झाडाखाली रोवतात; मग मृत व्यक्ती पूर्वजांत जाऊन मिळाली, असे मानतात. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. एस.व्ही.डी. संघाचे फादर स्टीफन फुक्स यांचा कोरकूंवरील ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला होता आणि तो आमच्या कपाटात होता. तरीही फळी घेताना आम्ही केवळ तिचे कोरीव काम पाहिले.

धर्मगुरूनिवासाच्या बैठकीत ती भिंतीला टेकवून ठेवली. येणारे-जाणारे कौतुक करीत. एके दिवशी औषध मागावयास आलेली एक कोरकू म्हातारी दारातच थबकली आणि म्हणाली, "फादर, हा कोनाचा बाप हाय?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. व्यापाऱ्याला विचारले, त्याने गाव सांगितले नाही. बहुधा त्यालाही ते माहीत नसावे.

संग्रहालयाच्या अभिरक्षकाचे काम म्हणजे वस्तूंवरची धूळ झटकणे व वाळवी रोखणे, असा आपला समज असतो. वस्तुतः त्याचे काम त्या म्हातारीच्या प्रश्नापासून सुरू होते. आफ्रिकेतील मुखवटे युरोपच्या संग्रहालयांत गेले तेव्हा पाटीवर बहुधा जमातीचे नाव आले. घडविणाऱ्याचे नाव कोणी विचारलेच नाही. १८९७ साली इंग्रज फौजेने बेनिनचा राजवाडा लुटून हजारो वस्तू नेल्या. त्यांपैकी ७२ वस्तूंची मालकी लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०२२ साली नायजेरियाच्या स्वाधीन केली. आपले घरही यातून सुटलेले नाही. अकरावे पायस यांनी १९२५ साली भरविलेल्या प्रदर्शनासाठी जगभरच्या मिशनांतून लाखभर वस्तू रोमला आल्या आणि त्यांतूनच व्हॅटिकनचे मानववंशविषयक संग्रहालय उभे राहिले. त्या संग्रहातील ६२ वस्तू चौदावे लिओ यांनी नोव्हेंबर २०२५मध्ये कॅनडाच्या बिशपांकडे तेथील मूळ रहिवाशांसाठी सुपूर्द केल्या.

कोणी म्हणेल, विकत घेतली नसती तर ती फळी कुजून गेली असती. खरे आहे. परंतु झाडाखाली ऊनपावसात झिजणे हे तिच्या लोकांना मान्यच होते; जतन करा म्हणून त्यांनी आमच्याकडे अर्ज केला नव्हता. वाचकहो, आपल्या आजोबांच्या कबरीवरचा क्रूस कोणी उपटून आपल्या दिवाणखान्यात लावला आणि वर 'आम्ही तो गंजण्यापासून वाचविला' असे सांगितले, तर आपणांस काय वाटेल?

फादर केव्हिन कॅरल यांची गोष्ट आम्हांला अधिक बोचते. नायजेरियात ओये-एकिती येथे १९४७ साली सुरू झालेल्या कार्यशाळेत त्यांनी योरुबा काष्ठशिल्पकारांना चर्चची कामे दिली. तेथे शिकलेले लामिदी फाकेये हे मुसलमान. तरी चर्चची दारे त्यांनी आपल्या परंपरेच्या रेषांत कोरली. फाकेये २००९ साली वारले. त्यांचे काम आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला देवळात मोकळीक असावी, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. आम्ही सेमिनरीत ते शिकलो, परीक्षेत लिहिले. पण मेळघाटातील आमच्या वेदीवरचा पुतळा प्लास्टरचा होता व मुंबईहून आणलेला होता. जुनी फळी विकत घेतली. ती कोरू शकणाऱ्या जिवंत हाताला मात्र एकही काम दिले नाही.

पुढे आमची अकोल्याकडे बदली झाली तेव्हा फळी एका संग्रहालयास देऊ केली. तेथील अभिरक्षकांनी ती हळुवार हाताने उलटसुलट पाहिली आणि विचारले, "फादर, कोणत्या गावची?"

फळी अजून आमच्याकडेच आहे. बैठकीतून काढून ती आम्ही प्रार्थनेच्या खोलीत ठेवली. २ नोव्हेंबरला धर्मग्रामातील मृतांची नावे वाचली जातात, तेव्हा तिची आठवण होते. पण तो मनुष्य आमच्या धर्मग्रामातला नव्हता, त्याचे नाव आम्हांला माहीत नाही आणि त्याच्या लेकरांनी त्याच्यासाठी झाड निवडले होते, खोली नव्हे.